काचेआडचा कार्तिक

टोरांटोच्या परिसरात दसऱ्याच्या सुमाराला एखादी संध्याकाळ अशी येते, की आभाळ निवळशंख होतं, वारा पडतो आणि चांदण्या नेहमीपेक्षा जवळ आल्यासारख्या वाटतात. त्या संध्याकाळी इथली बागेची माणसं घरात बसत नाहीत. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते. आभाळ भरलेलं असेल तर ढगांची गोधडी ती ऊब धरून ठेवते. निरभ्र रात्री तिला अडवायला कुणी नसतं. वारा असता तर वरची थोडी उबदार हवा खाली मिसळत राहिली असती. तोही थांबलेला. मग थंड, जड हवा उताराने खाली येऊन बागेच्या खोलगट कोपऱ्यांत साचते आणि पहाटे गवताच्या पात्यांवर दंव पडतं ते गोठूनच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात दंव गोठलं, तर त्याची छायाचित्रं आपल्या वर्तमानपत्रांत येतात. इथे ऑक्टोबरच्या पूर्वार्धातच ते येतं. इथले मराठी लोक त्याला सरळ 'फ्रॉस्ट' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना नकळत आवाज खाली आणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातला मेपल जसाच्या तसा उभा असतो. त्याची तयारी उन्हाळा उतरणीला लागल्यापासूनच चाललेली असते. दिवस आखूड होऊ लागले हे त्याला कळतं. पुढच्या वसंतातल्या कळ्या त्याने उन्हाळ्यातच बांधून, खवल्यांत गुंडाळून ठेवलेल्या असतात. पानांतलं कामाचं सत्त्व तो आत ओढून घेतो, पेशींमध्ये साखर साठवतो आणि मग पानं खुशाल सोडून देतो. पण त्याच्या पायाशी उन्हाळाभर फुललेल्या इंपेशन्सची, कोलिअसची, गोड बेसिलची पानं ऊन येताच काळी पडून, पाणी सुटून लोंबायला लागतात. रात्री पानाच्या पेशींमधल्या पोकळ्यांत बर्फाचे स्फटिक धरतात आणि पेशीतलं पाणी स्वतःकडे खेचून घेतात. पेशी आक्रसते, तिचं नाजूक आवरण फाटतं. सकाळी बर्फ वितळतो तेव्हा ते पाणी परत घ्यायला आत कुणी शिल्लक नसतं.

तुळशीला तर बर्फाचीही गरज नाही. पारा १० अंशांच्या खाली गेला, की तिच्या पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं घट्ट होऊ लागतात, आत-बाहेरची देवघेव मंदावते, आणि दोन-तीन रात्रींत पानांवर काळसर डाग दिसतात. तिच्या पूर्वजांनी अशी थंडी कधी पाहिलीच नाही. मेपलला जे शहाणपण हजारो हिवाळ्यांनी दिलं, ते तिला कोण देणार? म्हणून ते काम आपल्याकडे येतं. तिच्यासाठी थंडी ओळखायची, तिच्यासाठी तारखा लक्षात ठेवायच्या आणि पहिल्या फ्रॉस्टच्या पुष्कळ आधी, सप्टेंबरातच, तिला उंबऱ्याच्या आत घ्यायचं.

इथल्या रोपवाटिकांत मे महिन्यात जी रोपं ट्रे भरभरून विकली जातात, त्यांतली बरीचशी एका हंगामाची म्हणून घेतली जातात. मेमध्ये लावायची, ऑक्टोबरात उपटून टाकायची. पण त्यांतल्या कितीतरी झाडांचं आयुष्य मुळात एका वर्षाचं नाही. ज्याला सगळे जिरेनियम म्हणतात ते लालभडक फुलांचं पेलार्गोनियम दक्षिण आफ्रिकेतलं. या कुळात दोनशेहून अधिक जाती आहेत, बहुतेक त्याच मुलखातल्या, आणि तिथे हे झुडूप वर्षानुवर्षं जगतं, त्याचं खोड लाकडासारखं टणक होतं. इंपेशन्स पूर्व आफ्रिकेतल्या ओलसर, सावलीच्या जागांतलं. तेही तिथे वर्षामागून वर्षं फुलतं. डेलिया मेक्सिकोच्या डोंगरांतला. मिरची मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. आपल्या कोकणातल्या परसात लवंगी मिरचीचं एखादं झाड तीन-चार वर्षं तिखट मिरच्या देत राहतं, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. तुळशीचं तर विचारायलाच नको. वृंदावनातली तुळस जपली तर कित्येक वर्षं टिकते.

या झाडांचं आयुष्य इथे थंडी कापते. त्यांना घरात घेणारा माणूस त्यांच्यावर फार मोठे उपकार करत नाही. जी वर्षं त्यांचीच होती, ती त्यांना परत मिळावीत एवढीच त्याची धडपड. मला हे काम पूजेइतकंच खरं वाटतं.

सगळ्यांनाच आत घ्यायचं नसतं, हे मात्र ओळखावं लागतं. आपला तेरडा घ्या. पावसाळा सुरू झाला की तो सह्याद्रीच्या उतारांवर उगवतो. भाद्रपदात त्याच्या भाऊबंदांनी कासचं पठार गुलाबी होतं. कोकणात त्याचीच रोपं आणून गौरी मांडतात. मग शेंगा धरतात, जरा स्पर्श झाला की त्या फटकन उलगडून बिया दूर उधळतात, आणि झाड सुकतं. त्याचं सांगून झालेलं असतं. झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल, झेंडू हीदेखील याच कुळाचाराची. बी पिकलं की ती आपल्याच नियमाने संपतात. त्यांना कुंडीत उचलून दिवाणखान्यात ठेवण्यात त्यांचा मान नाही. त्यांचा हिवाळा बियांत असतो. कागदी पाकिटात सुकं बी भरावं, वर नाव आणि साल लिहावं, कपाटात कोरड्या जागी ठेवावं. तेरडा आणि इंपेशन्स एकाच घराण्यातले सख्खे; एक चार महिन्यांत पूर्ण होतो, दुसऱ्याला वर्षं लागतात. दोघांनाही आपापला काळ पुरता मिळावा.

झाडं आत घेण्याआधी त्यांची आंघोळ. सप्टेंबरातल्या एखाद्या कोवळ्या उन्हाच्या सकाळी कुंड्या ओळीने मांडाव्यात आणि एकेक पान उलटून बघावं. वरून सगळं हिरवं असतं. जे असतं ते पानाच्या पाठीवर. शेंड्याच्या कोवळ्या भागात मावा, मिरचीच्या पानाखाली पांढरी माशी, जास्वंदीच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण, तुळशीवर सुईच्या टोकाएवढा लाल कोळी. बाहेर त्यांच्यावर वचक असतो. लाल-काळे ठिपकेदार भुंगेरे मावा खातात, पाऊस कोळ्यांना धुऊन काढतो. घरात ना पाऊस, ना भुंगेरे. एकच कीड पोटाशी धरून आलेलं झाड नाताळापर्यंत सगळ्या खिडकीला ती वाटून टाकतं. म्हणून पाण्याच्या जोरदार धारेने पानांच्या पाठी धुवायच्या, सौम्य साबणाचं पाणी फवारायचं आणि पहिले पंधरा दिवस नवी कुंडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवायची. मग छाटणी. मिरचीचं झाड तर इतकं छाटतात की दोन-चार आखूड फांद्यांचा सांगाडाच उरतो. हात धजत नाही, पण छाटायचं. खिडकीतला हिवाळी उजेड एवढ्या मोठ्या पर्णसंभाराला पुरणार नसतो. जेवढं पोसता येईल तेवढंच अंग त्याला ठेवायचं.

आणि कटिंग. माझ्या लेखी सगळ्या सोहळ्यात हा भाग सर्वांत अद्भुत. तुळशीचा, कोलिअसचा वीतभर शेंडा पेराच्या खाली कापायचा, खालची पानं काढायची, पेला पाण्याने भरून त्यात उभा करायचा. दोघांची खोडं बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागतात. जावाकडून आलेला रंगीबेरंगी कोलिअस, आपली तुळस, अंगणातला पानओवा, सगळी एकाच कुळातली. आठ-पंधरा दिवसांत पाण्यात बुडालेल्या पेरावर बारीक पांढरे ठिपके उठतात आणि त्यांतून मुळं निघतात. ज्या पेशी काल खोड होत्या, त्यांना आज मूळ व्हावं लागेल हे कसं उमगतं? वनस्पतिशास्त्र याचं उत्तर देतं. शेंड्याकडून खाली वाहत येणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक कापलेल्या जागी साठतं आणि तिथल्या पेशींना नवं काम नेमून देतं. हे उत्तर वाचल्यावर माझं आश्चर्य तसूभरही कमी झालं नाही, वाढलं. काचेच्या पेल्यात, खिडकीच्या उजेडात, सगळ्या घराच्या देखत एक तुकडा पुन्हा पूर्ण होत असतो.

कार्तिक उजाडतो तोवर बाहेरची बाग ओसाड झालेली असते. प्रबोधिनी एकादशीला देव जागे होतात आणि इथली जमीन झोपायला निघते. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं. बहुतेक वर्षी हे दिवस नोव्हेंबरात येतात. अंगणात वृंदावन नाही, अंगणात कधीकधी पहिला बर्फसुद्धा असतो. म्हणून नवरी दिवाणखान्यात, दक्षिणेच्या खिडकीशी. कुंडीला गेरू मिळाला तर गेरू, नाहीतर हळदीकुंकवाची बोटं. टोरांटोशेजारच्या ब्रॅम्प्टनच्या देशी दुकानांत या दिवसांत ऊस उभा करून ठेवलेला असतो. त्याच्या कांड्या कापून मांडव. चिंचा-आवळे मिळतात, आवळे बऱ्याचदा फ्रीझरमधले. शेजारपाजारची चार मराठी घरं जमतात, अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं होतात, आणि अक्षता पडतात त्या पानांवर, खिडकीच्या कठड्यावर, खालच्या हीटरच्या जाळीवर. सांगलीतल्या किंवा सावंतवाडीतल्या अंगणात हे लग्न लागतं तेव्हा तुळस पावसाळा पिऊन भरगच्च झालेली असते. इथली नवरी बारीक असते, पानं लहान, फांद्या मोजक्या. पण ती जिवंत आहे, बाहेर उणे चार अंश असताना तिच्या पानाला तोच वास आहे, या एका गोष्टीपुढे माझे हात आपोआप जुळतात.

आईला फोनवर सांगितलं, "अगं, यंदा तिला मंजिऱ्या किती आल्यात!" तर ती लगेच म्हणाली, "खूड आधी त्या. बी धरलं की ती थकते. थंडीत नुसती जगू दे तिला." मंजिऱ्या खुडायची ही रीत आपल्या घराघरांत आहे आणि तिच्यामागे नीट पाहिलेलं झाड आहे. बी पिकवणं हा झाडाचा सर्वांत मोठा खर्च असतो. आणि 'नुसती जगू दे' यात हिवाळ्याचं सगळं शास्त्र आलं. त्यानंतरचे चार महिने मी माझ्या झाडांकडून काही मागत नाही. फूल नको, वाढ नको, हिरवागारपणा नको.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथला दिवस जेमतेम ९ तासांचा होतो. मुंबईत त्याच दिवशी जवळपास ११ तास उजेड असतो. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे २३ अंशच वर चढतो. पण याच गोष्टीत एक देणगीही आहे. जूनमध्ये डोक्यावरून निघून जाणारं ऊन या दिवसांत तिरकं होऊन दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत खोलवर शिरतं, सोफ्यावर चढतं, समोरच्या भिंतीपर्यंत जातं. बारा ते दोनच्या मध्ये घरातली सगळी झाडं त्या उन्हात असतात. त्यांनी माना त्या बाजूला वळवलेल्या असतात, खोडाच्या सावलीकडच्या पेशी लांबट होऊन. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी म्हणजे झाड सरळ राहतं. काही जण वर पांढऱ्या एलईडी नळ्या लावतात. त्यांनी काम नक्की भागतं, पण उजेडाची भूक थोडी तरी उन्हाने भागावी असं मला वाटत राहतं. काचेपासून दोन हात मागे सरलं तरी उजेड कितीतरी कमी होतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पानाला कळतं.

म्हणूनच घरात आल्यावर पहिल्या महिन्यात झाडं पानं गाळतात. घाबरायचं कारण नसतं. उन्हाळ्यात रणरणत्या उन्हासाठी घडवलेली जाड पानं आता परवडत नाहीत. झाड ती सोडून देतं आणि हळूहळू पातळ, मंद उजेडात भागवून घेणारी पानं घडवतं. ही अदलाबदल चालू असताना माणसाने पाण्याचा झारा घेऊन धावू नये. कुंडीतल्या झाडांचा हिवाळ्यातला सर्वांत मोठा शत्रू थंडी नसते, प्रेमाने घातलेलं जादा पाणी असतं. वाढ थांबलेली, ऊन कमी, मुळं मंद. मातीत पाणी साठून राहतं, मातीतली हवा संपते आणि मुळं कुजतात. मातीत बोट दोन पेरं खुपसावं, कोरडं लागलं तरच पाणी, तेही कोमट. खत तर मार्चपर्यंत नाहीच. हात आखडून देणं अवघड जातं. घरात कुणी मलूल दिसलं की वाढून द्यायची, आग्रह करायची सवय आपल्या रक्तात आहे. झाडं मला दर हिवाळ्यात थांबायला लावतात.

कोरडेपणा हा दुसरा छळ. बाहेरची उणे १५ अंशांची हवा आत येऊन २१ अंशांवर तापते, तेव्हा तिच्यात बाष्प जवळजवळ नसल्यासारखंच असतं. माणसांचे ओठ फुटतात, तुळशीच्या पानांच्या कडा वाळतात आणि लाल कोळ्याला हवं तेच मिळतं. पसरट ताटात खडे आणि पाणी घालून त्यावर कुंड्या ठेवाव्यात, झाडं एकमेकांजवळ मांडावीत. प्रत्येक झाड पानांतून जे बाष्प सोडतं, ते शेजारच्याला मिळतं. रात्री काचेला पान चिकटू देऊ नये. पडदा ओढताना झाड पडदा आणि काच यांच्यामध्ये अडकलेलं राहू नये, नाहीतर बाहेरच्या थंडीचा एक पापुद्रा त्याच्याभोवती तयार होतो.

कढीपत्त्याचं सांगायलाच हवं. आपल्याकडे बारा महिने हिरवा दिसणारा हा गृहस्थ इथल्या घरात जानेवारीपर्यंत पिवळा पडत जातो आणि बऱ्याचदा पुरता निष्पर्ण होतो. कुंडीत फक्त एक काठी उरते. घरी आलेला पाहुणा विचारतो, "हे वाळलं ना?" खोडाची साल नखाने किंचित खरवडायची. आत ओला हिरवा रंग दिसला की झालं. त्या काठीपुढे महिनोन्महिने काही न करता बसणं, तिला आठवड्या-पंधरवड्याने घोटभर पाणी देणं, रोज तिच्यावरून नजर फिरवणं, याला मी उपासना म्हणते. देव्हाऱ्यातल्या मूर्तीकडूनही रोज काही घडावं अशी आपली अपेक्षा नसते.

पेलार्गोनियमची रीत त्याहून अचाट. ऑन्टारिओतल्या कितीतरी घरांत तळघराला लागून, पोर्चच्या खाली एक थंड खोली असते. पूर्वी तिथे बटाटे, गाजरं, सफरचंदं ठेवायची. फ्रॉस्टच्या आधी पेलार्गोनियम मुळासकट उपटायचं, माती झटकायची, पानं-फुलं काढायची आणि उघड्या मुळांनी त्या खोलीत दोरीला उलटं टांगायचं किंवा कागदी पिशवीत ठेवायचं. माती नाही, उजेड नाही. पारा पाच ते दहा अंशांच्या आसपास. महिन्यातून एकदा मुळं तासभर पाण्यात भिजवायची आणि पुन्हा टांगायची. एवढ्यावर ते मार्चपर्यंत तगतं. याचं गुपित त्याच्या माहेरच्या हवेत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या पुष्कळ भागांत उन्हाळा कोरडा जातो, पावसाची वाट बघत महिने काढावे लागतात; म्हणून या कुळाने जाड, पाणी धरून ठेवणारी खोडं घडवली. आफ्रिकेतल्या अवर्षणासाठी शिकलेली सहनशीलता कॅनडातल्या बर्फाळ काळोखात उपयोगी पडते. त्या खोलीत जाऊन त्या सुरकुतलेल्या, तपकिरी जुड्या पाहिल्या की बोलवत नाही. शेजारच्या खोक्यात लाकडाच्या भुशात डेलियाचे कंद असतात. त्यांच्याविषयी फारसं सांगण्यासारखं नाही. झोपण्यात ते मुळातच तरबेज आहेत.

आपल्या प्रदेशात जगू न शकणाऱ्या झाडाला छताखाली घेणं ही जुनी गोष्ट आहे. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात वास्तुरचनाकार झ्युल आर्दुआँ-माँसारने संत्र्याच्या झाडांसाठी दक्षिणाभिमुख, जाड भिंतींची भव्य ऑरेंजरी बांधली. आजही तिथे हजारावर झाडं मोठमोठ्या पेट्यांतून ऑक्टोबरात आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. त्यात राजवैभव आहे. माझं मन मात्र लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या एका झाडापाशी घुटमळतं. फ्रान्सिस मॅसन नावाच्या वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाने दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केपमधून आणलेलं सायकॅड १७७५ साली तिथे पोचलं. ते अजून जगतं आहे, कुंडीतच. इंग्लंडचे अडीचशे हिवाळे त्याने काचेच्या आत काढले. या सगळ्या काळात त्याला एकदाच शंकू आला, १८१९ साली. वयोवृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स तो बघायला आले होते. त्यानंतर आलेल्या माळ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी त्याला पाणी दिलं, उजेड दिला, कुंडी बदलली, आणि एवढ्या वर्षांत त्याने त्यांना पानांशिवाय काही दाखवलं नाही. त्या अनाम माळ्यांना मी मनोमन नमस्कार करते.

टोरांटोत अ‍ॅलन गार्डन्स आहे. त्यातलं घुमटाचं पाम हाउस १९१० सालचं. भर हिवाळ्यात बाहेर कडाक्याचं वारं वाहत असताना तिथलं दार उघडलं, की ओल्या मातीचा आणि हिरव्या पानांचा वास अंगावर येतो. एकदा एक वयस्क मराठी गृहस्थ तिथल्या केळीच्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मीही काही बोलले नाही.

मायदेशीसुद्धा थंडीच्या रात्री झाडांसाठी जागणारी माणसं आहेत. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाचच्या खाली घसरतो, तेव्हा द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं उबदार पाणी सोडतात. त्यांच्या जागण्यात वर्षाची कमाई पणाला लागलेली असते. खिडकीतल्या तुळशीची त्याच्याशी बरोबरी करण्याचं धाडस मी करणार नाही. पण पहाटे साडेतीनला थर्मामीटरकडे बघणाऱ्या दोन माणसांना एकमेकांची तगमग समजेल, एवढं खरं.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दिवस पुन्हा १० तासांचा होतो. बाहेर अजून गुडघाभर बर्फ असतो, पारा महिनाभर शून्याखाली घुटमळणार असतो, आणि तरी आत काहीतरी बदलतं. सगळ्यांत आधी मिरचीला कळतं. छाटलेल्या फांद्यांच्या पेरांत हिरवे बिंदू दिसतात. मग कोलिअसचे शेंडे रंग धरतात. तुळशीची नवी पानं जरा मोठी, जरा चकचकीत येतात. कढीपत्ता मार्चपर्यंत थांबतो आणि मग त्या काठीच्या टोकावर तांबूस-पोपटी, चिमुकली, घडी घातलेली पानं उमलतात. ती पहिली पानं फोडणीत घालायचा विचारसुद्धा कुणी करू नये. मार्चमध्येच पेलार्गोनियमच्या जुड्या खाली उतरवायच्या, सुकलेली टोकं हिरव्या भागापर्यंत कापायची, रात्रभर पाण्यात भिजवून कुंडीत लावायच्या. दोन-तीन आठवडे काही दिसत नाही. मग त्या करड्या लाकडातून कात्रीदार कडांचं, मखमली, त्या कुळाचा तो तिखटसा गंध असलेलं पान येतं. आता पाणी थोडं वाढवायचं, आता पातळ खत. चार महिने आवरून धरलेले हात आता सैल सोडायचे.

शेवटचा टप्पा धीराचा. आतल्या उजेडात घडलेली पातळ पानं थेट मेच्या उन्हात नेली तर एका दुपारीत पांढरी पडून करपतात, आणि वारा न सोसलेली खोडं लवतात. म्हणून आठ-दहा दिवस त्यांना बाहेरची ओळख करून द्यायची. आधी तासभर सावलीत, मग सकाळचं ऊन, मग थोडा वारा. रात्री पुन्हा आत. इथे व्हिक्टोरिया डे हा बागेचा मुहूर्त मानतात, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार. त्यानंतर फ्रॉस्ट सहसा येत नाही. हिवाळा काढलेल्या मिरचीला नव्या रोपापेक्षा कितीतरी आधी फुलं येतात. तिची मुळं तयार असतात, खोड तयार असतं. नुकतं बीजातून आलेलं रोप अजून चार-सहा पानांवर असताना तिच्यावर हिरव्या मिरच्या लटकतात.

त्या सुमाराला तुळशीची कटिंगंही वाटायची असतात. पेल्यांत हिवाळाभर वाढवलेली रोपं दह्याच्या रिकाम्या डब्यांतून या घरची त्या घरी जातात. या मे महिन्यात पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं आलं होतं. त्या मुलीने रोप दोन्ही हातांनी धरलं, पानाला नाक लावलं, आणि तिचे डोळे भरून आले. "काकू, हिचं काय काय करायचं?" तिने विचारलं.

"आठवडाभर सावलीत ठेव, मग सकाळचं ऊन," मी म्हटलं, "आणि मंजिरी आली की खूड गं. सप्टेंबरात फोन कर, मी येईन."